चर्नी रोडच्या बागेपासून सिद्धार्थ महाविद्यालयापर्यंत

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिजीवनाविषयी लिहिताना त्यांच्या बुद्धिमत्तेवर आणि परिश्रमांवर भर दिला जातो, आणि ते यथार्थच आहे. परंतु त्या बुद्धिमत्तेला वेळोवेळी कोणी वाट करून दिली आणि पुढे बाबासाहेबांनी त्या अनुभवाचे काय केले, हा इतिहासही तितकाच अभ्यासण्याजोगा आहे.

शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या भीमरावांकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे लक्ष गेले. केळुसकर गुरुजी विल्सन हायस्कूलमध्ये शिकवीत. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी. म्हणजे हा मुलगा त्यांच्या वर्गातलाही नव्हता. तरीही गुरुजींनी त्याला वाचायला पुस्तके दिली, सत्कारसभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पैशाअभावी पुढचे शिक्षण अडू लागताच सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रा. मुल्लर यांनीही पुस्तकांची मदत केली. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले.

१९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना प्रा. सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्राचे गुरू लाभले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विद्वानांच्या बैठकीत बरोबरीने बोलण्याची संधी लाभली. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर आपला निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय २५ होते. सेलिग्मन यांचा स्नेह पुढेही टिकला. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या बाबासाहेबांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला त्यांचीच प्रस्तावना आहे.

मात्र या साऱ्या मदतीची मर्यादा १९१७ साली बडोद्यात उघड झाली. परदेशी विद्यापीठात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही; पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हुसकावण्यात आले. सहृदय गुरुजी आणि उदार राजा एका विद्यार्थ्याला वर आणू शकतात, पण तो ज्या समाजातून आला त्याची स्थिती तेवढ्याने पालटत नाही. बाबासाहेबांच्या पुढील शैक्षणिक कार्याकडे या दृष्टीने पाहिले, तर त्याची संगती लागते.

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी, परदेशातील शिक्षणासाठीसुद्धा, शिष्यवृत्त्यांची मागणी त्यात होती. जे त्यांना एका महाराजांच्या कृपेने मिळाले, ते इतरांना सरकारी तरतुदीतून मिळावे, असा हा आग्रह होता. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी तेथे सकाळचे वर्ग भरत. विद्यार्थ्यांची स्वतःची संसदही होती. जानेवारी १९५० मध्ये देशाचे कायदामंत्री असलेले बाबासाहेब त्या संसदेपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. ज्या प्रश्नावर देशभर वादळ उठले होते, तो त्यांनी विद्यार्थ्यांसमोर मांडला. त्याच वर्षी औरंगाबादला संस्थेचे महाविद्यालय उभे राहिले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय.

आपल्यापैकी अनेकजण शिष्यवृत्तीच्या किंवा एखाद्या ज्येष्ठाच्या आधाराने परदेशी आलो. आज नांदेडच्या किंवा गोंदियाच्या एखाद्या मुलीला परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरायचा असतो, आणि तो तपासून देणारे घरात कोणी नसते. ती आपल्या नात्यातली नसेल. भीमरावही केळुसकर गुरुजींच्या वर्गातले नव्हते. आठवड्यातील दोन तास आपण तिला निश्चित देऊ शकतो. आणि आपल्या मंडळांत तरुणांच्या वाट्याला काय येते, हेही तपासावे. १४ एप्रिलला खुर्च्या मांडणे एवढेच त्यांचे काम असेल, तर सिद्धार्थच्या विद्यार्थी संसदेचा धडा आपण विसरलो आहोत. यंदाचा हिशेब, विषयांची निवड आणि व्यासपीठ त्यांच्या हाती देऊन पाहू या. चुकले तर विचारायला आपण आहोतच.