फिश टँकमधून थेट कॅनॉलमध्ये! फ्लोरिडातले परदेशी मासे, गळाचा छंद आणि आपल्यासाठी धडा

घरातल्या फिश टँकमधला मासा मोठा झाला, काचेत मावेना, की कुणीतरी तो बादलीत घालतो आणि जवळच्या पाण्यात सोडून देतो. सोडणाऱ्याला वाटतं, एक जीव वाचवला. पण असे मासे पाण्यात टिकले आणि वाढले तर काय होतं, हे अमेरिकेतल्या दक्षिण फ्लोरिडात गेल्या साठ-सत्तर वर्षांत बघायला मिळालं आहे. तिथल्या कॅनॉलमध्ये आज दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि आशियातले मासे राहतात, आणि ते गळाला लावायला लोक लांबून येतात. या विषयाची ही सविस्तर माहिती.

हे कॅनॉल आपल्यासारखे नाहीत

आपल्याकडं कॅनॉल म्हटलं की धरणाचं आवर्तन, चारी आणि पाण्याची पाळी. तिथं उलटं आहे. मायामीच्या आसपासचा मुलूख मुळात दलदलीचा. तिथले कॅनॉल मुख्यतः जादा पाणी समुद्राकडं काढून द्यायला खोदले. १९४७ साली मोठा पूर आला, त्यानंतर १९४८ साली अमेरिकन सरकारनं मोठी योजना मंजूर केली. आज या भागात तीन हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे कॅनॉल आहेत. जागोजागी दरवाजे आहेत, समुद्राचं खारं पाणी आत शिरू नये म्हणून.

हे कॅनॉल चुनखडीच्या खडकात सरळ कापलेले आहेत. त्यात जमिनीखालचं पाणी झिरपत राहतं. विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं, तसंच हे. त्यामुळं हिवाळ्यातही पाणी फार गार होत नाही आणि गरम देशातले मासे तग धरतात.

मासे आले कुठून?

अमेरिकेत शोभेच्या माशांची शेती सगळ्यात जास्त फ्लोरिडातच होते. परदेशातून येणारे शोभेचे मासेही मायामीत उतरतात. काही मासे शेततळ्यातून निसटले, काही लोकांनी सोडले. त्यातले मुख्य असे:

ऑस्कर: दक्षिण अमेरिकेतला, फिश टँकमध्ये सगळीकडं दिसणारा. १९५० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या पाण्यात स्थिरावला.

चालणारा मांगूर: थायलंडहून शोभेसाठी आणलेला. १९६० च्या दशकात निसटला. पावसाळी रात्री ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या तळ्यात जातो. मत्स्यशेतकऱ्यांच्या तळ्यात घुसून मासे खायला लागला, तेव्हा त्यांना तळ्याभोवती कुंपण घालावं लागलं.

मायन सिक्लिड: मध्य अमेरिकेतला. १९८३ साली पहिल्यांदा नोंद झाली. गोड्या आणि मचूळ, दोन्ही पाण्यात जगतो.

मरळ: वाचून नवल वाटेल, पण आपल्या मरळीच्या कुळातला एक आशियाई मासा तिथं २००० साली सापडला. आपल्याकडं त्याला चांगला भाव, तिथं तो घुसखोर. तो जिवंत बाळगणं तिथं बेकायदा आहे.

सकर: फिश टँकची काच चाटून साफ करणारा. कॅनॉलच्या काठात बिळं करतो, त्यामुळं काठ ढासळतात.

सरकारनं स्वतः सोडलेला मासा

या सगळ्यात एक मासा मात्र सरकारी खात्यानं मुद्दाम सोडला. त्याचं नाव पीकॉक बास. शेपटीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा गोल ठिपका असतो, म्हणून हे नाव. नावात बास असलं तरी हा आपल्या चिलापीचा भाऊबंद.

झालं असं, की पश्चिम आफ्रिकेतल्या ठिपक्यांच्या चिलापीनं कॅनॉल भरून गेले होते. जाळ्यानं ती संपणं शक्य नव्हतं. तेव्हा राज्याच्या मत्स्य खात्यानं अभ्यास करून १९८४ पासून पीकॉक बासची पिल्लं मायामीच्या भागातल्या कॅनॉलमध्ये सोडली. हेतू दोन. चिलापी खाल्ली जावी आणि गळ टाकणाऱ्यांना चांगला मासा मिळावा.

सोडण्याआधी एक गोष्ट पाहिली होती. पाणी साधारण १५ अंशांच्या खाली गेलं की हा मासा मरतो. म्हणजे उत्तरेला थंडीचं कुंपण आपोआप तयार. २०१० च्या जानेवारीत थंडीची मोठी लाट आली, तेव्हा पीकॉक बास आणि इतर परदेशी मासे ढिगानं मेले. खोल, कोमट पाण्यातले काही वाचले आणि पुढं त्यांची संख्या पुन्हा वाढली.

गळ कसा टाकतात?

पीकॉक बास दिवसा नजरेनं शिकार करतो, रात्री शांत असतो. त्यामुळं उजाडल्यापासून मावळेपर्यंतच गळ टाकतात. हलकी दांडी, रीळ, पातळ तंगूस आणि आमिषाला छोटा जिवंत मासा किंवा माशासारखं दिसणारं खोटं आमिष. ते जोरात ओढावं लागतं, कारण हा मासा पळत्या भक्ष्यावर झडप घालतो. पुलाखालची सावली, कॅनॉलचं वळण, दोन कॅनॉल मिळतात ती जागा आणि बंद टोक, या जागा चांगल्या. बहुतेक मासे किलो-दोन किलोचे मिळतात, मोठ्यात मोठा चार किलोच्या आसपास. ऑस्करला किडे आणि गांडूळही चालतं.

काठावर मगरींच्या जातीतले अ‍ॅलिगेटर असतात, त्यामुळं पाण्यात पाय घालून बसायचं नाही.

नियम काय?

परवाना लागतो. तिथल्या रहिवाशाला गोड्या पाण्याचा वर्षाचा परवाना १७ डॉलरला मिळतो. पीकॉक बास दिवसाला दोनच ठेवता येतात, त्यातला एकच १७ इंचांपेक्षा मोठा. ऑस्कर, मायन सिक्लिड वगैरे बाकी परदेशी मासे मात्र कितीही पकडा, खा, असं खातंच सांगतं. फक्त काही पाण्यात पाऱ्याचं प्रमाण जास्त असल्यानं किती मासे खावेत याच्या सूचना दिलेल्या आहेत. परवानगीशिवाय परदेशी मासा पाण्यात सोडणं हा गुन्हा आहे. ज्याला मासा सांभाळणं होत नाही त्याच्याकडून तो परत घेऊन दुसऱ्याला देण्याची सोय सरकारनं केली आहे.

आपल्याला यातून काय घ्यायचं?

कुणी म्हणेल, मग आपणही असे मासे सोडू, गळाचा छंदही होईल आणि चार पैसेही मिळतील. तसं करू नये. कारणं साधी आहेत.

पहिलं, थंडीचं कुंपण आपल्याकडं नाही. आपल्या धरणात पाणी इतकं गार होत नाही की असे मासे मरतील. एकदा बसले की बसले.

दुसरं, नुकसान भोगायला मच्छीमार. चिलापी १९५२ साली भारतात आणली, आज उजनीसारख्या जलाशयात तिचंच राज्य आहे. सकर मासाही महाराष्ट्राच्या पाण्यात पोचला आहे. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. तिथं मांगूर, तसा आपल्याकडं विदेशी मांगूर. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. आणि जलपर्णी? तीही शोभेची म्हणूनच आली होती. आज तिनं किती नद्या झाकल्या ते सांगायला नको.

तिसरं, कॅनॉलचा भराव आणि शेततळ्याचा बांध मातीचा असतो. बिळं करणारा मासा तिथं परवडणारा नाही.

म्हणून एवढं करा

- टँकमधला मासा विहीर, ओढा, कॅनॉल किंवा धरणात सोडू नका. दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या.
- टँकचं पाणी आणि वनस्पती ओढ्यात टाकू नका, त्यात अंडी असू शकतात. पाणी झाडांना घाला.
- जाळ्यात सकर मासा आला तर परत पाण्यात टाकू नका. फोटो काढून ठेवा आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.
- डासांसाठी गप्पी मासे हवे असतील तर आरोग्य केंद्राला विचारा. ते साठवलेल्या, बंदिस्त पाण्यासाठी असतात. वाहत्या ओढ्यात सोडू नका.
- धरणात गळ टाकण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारा. बहुतेक जलाशयांचा ठेका संस्थेकडं असतो आणि त्यावर बऱ्याच घरांची चूल पेटते.