‘सिल्व्हर घोस्ट’ आणि ‘मॉडेल टी’

रोल्स-रॉइसची ‘सिल्व्हर घोस्ट’ व फोर्डची ‘मॉडेल टी’ या समकालीन मोटारींची तुलना केवळ अश्वशक्तीवरून करणें आमच्या मतें न्याय्य नव्हे. पहिलीचें सहा सिलिंडरांचें एंजिन आरंभीं सात लिटरांचें होतें. १९०७ सालीं सक्तीचा खोळंबा न होतां ती १४,३७१ मैल धांवली. १९०८ मध्यें निघालेल्या फोर्डला चार सिलिंडर, अश्वशक्ति अवघी २०, वेग तासीं फार तर ४५ मैल. पण अमेरिकेंतील खेड्यापाड्यांचे रस्ते म्हणजे तेव्हां निव्वळ चिखल! ही हलकी, उंच गाडी त्यांतून निभावून जाई. पेट्रोलची टांकी बैठकीखालीं असे व तेल स्वभारानेंच एंजिनांत उतरे. टांकींत थोडेंच उरलें तर उभ्या चढणीवर तें पोंचेना. मग शेतकरी गाडी फिरवून पाठमोरीच टेकडी चढवी. दोष खरा, परंतु तो कारागिराविना कोणासही उमगे व निस्तरतां येई. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या झाल्या; ‘घोस्ट’ आठ हजारही भरल्या नाहींत. ८५० डॉलरांची फोर्ड १९२५ मध्यें तिनशेंच्या आंत आली. ‘घोस्ट’च्या नुसत्या सांगाड्यालाच शेंकडों पौंड पडत, वरचा साज गिऱ्हाइकानें निराळा करवून घ्यावयाचा.