मुंबई–लंडन विमानमार्ग

मुंबई–लंडन विमानमार्ग हा मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांना जोडणारा मार्ग आहे. या दोन विमानतळांमधील लघुतम अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारणपणे दहा तास, तर येताना नऊ तास लागतात.

अंतर व मार्ग

भिंतीवरील सपाट नकाशात ही दोन शहरे पट्टीने जोडली, तर रेषा दक्षिण इराण, इराक व तुर्कस्तानवरून जाते. पृथ्वीगोलावर मात्र दोरा ताणून धरल्यास तो बराच उत्तरेकडे सरकतो आणि सौराष्ट्र, कराची, इराण, कॅस्पियन समुद्र, काळा समुद्र, क्रिमिया, पोलंड व जर्मनी असा जातो. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. लघुतम मार्ग तो हाच. पण विमानांना तो नेहमी मोकळा नसतो. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, तर पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. त्यामुळे प्रत्यक्षात कापलेले अंतर ७,२०० किलोमीटरपेक्षा जास्त भरते.

इतिहास

विमानसेवेपूर्वी विलायतेस जाणारे प्रवासी रे रोडच्या दक्षिणेकडील बॅलार्ड पिअर धक्क्यावरून बोटीत बसत. सुएझ कालव्यातून संपूर्ण सागरी प्रवासास सुमारे तीन आठवडे लागत. मार्सेय बंदरात उतरून पुढे रेल्वेने जाणाऱ्यांचा त्यातील काही काळ वाचे.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. प्रवासी ३५ होते, त्यांत जे. आर. डी. टाटाही होते. हेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी याच मार्गावर आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले व त्यातील सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले. पुढे १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली. त्यांपैकी ‘कांचनजंगा’ हे विमान २४ जानेवारी १९६६ रोजी जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असताना त्याच पर्वतावर आदळले. मृत ११७ जणांत अणुशास्त्रज्ञ होमी भाभा होते.

प्रवासाचा वेळ

उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह लंडनकडे जाणाऱ्या विमानास अडवतात आणि परतणाऱ्यास पुढे ढकलतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो.

घड्याळाचा हिशेब वेगळा करावा लागतो. लंडनची वेळ हिवाळ्यात भारतापेक्षा साडेपाच तास, तर उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. जानेवारीत मुंबईहून दुपारी एकला निघालेले विमान दहा तासांनी पोहोचले, तर तेथे सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात. लंडनहून रात्री साडेनऊला निघून नऊ तासांनी येणारा प्रवासी मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबईत उतरतो. तिकिटावरील वेळांची नुसती वजाबाकी केल्यास अनुक्रमे साडेचार व साडेचौदा तास येतात आणि ही दोन्ही उत्तरे चुकीची ठरतात.

याखेरीज विमानतळावर सुमारे तीन तास आधी पोहोचावे लागते. रे रोडहून हार्बर मार्गाने अंधेरी गाठण्यास पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो, तो निराळाच.