टिळकांचे दोन जामीनअर्ज

फौजदारी खटल्याचा इतिहास लिहिणाऱ्याची दृष्टि बहुधा शेवटच्या दिवसावर खिळलेली असते. ज्यूरीचा अभिप्राय, न्यायाधीशाचें भाषण, शिक्षा ऐकून आरोपीनें काढलेले उद्गार, हें सर्व नाट्य त्या दिवसाचें. परंतु खटल्याची घडी पुष्कळ वेळां आरोपीस पकडल्यानंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांतच बसून गेलेली असते. त्या दिवसांत तो दोषी कीं निर्दोष हा प्रश्न अद्यापि दूर असतो. आपल्या बचावाची तयारी तो घरीं बसून करणार कीं कोठडींत बसून, एवढेंच ठरावयाचें असतें. लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यांविषयीं मराठींत विपुल लिहिलें गेलें आहे. त्यांतील जामिनाचें प्रकरण मात्र चरित्रकार दोन ओळींत आटोपतात. आमच्या मतें तें याहून अधिक लक्ष देण्यासारखें आहे.

ता. २७ जुलै १८९७ च्या रात्रीं मुंबईंत टिळकांना पकडण्यांत आलें. पुण्यांत रँड व आयर्स्ट यांजवर गोळ्या झाडल्या गेल्यास तेव्हां पांच आठवडे झाले होते आणि सरकारचें मन अत्यंत क्षुब्ध होतें. आरोप मात्र त्या खुनाचा नव्हता. खुनाच्या एक आठवडा आधीं, १५ जूनच्या 'केसरी'त, शिवराज्याभिषेकोत्सवासंबंधानें आलेल्या मजकुरावर पिनल कोडाच्या १२४ अ कलमाखालीं तो ठेवलेला होता. स्नेही व वकील दाजी आबाजी खरे त्याच रात्रीं जामिनाच्या खटपटीस लागले. आणि नकार घेऊन ते परत आले तेव्हां टिळक चौकींत गाढ झोपलेले होते, असें सांगतात. ही झोपेची गोष्ट लोकांच्या चांगली लक्षांत राहिली. खऱ्यांची रात्रींची धांवपळ कोणाच्या लक्षांत राहिली नाहीं. वास्तविक कायद्याच्या दृष्टीनें त्या रात्रीं कामाची गोष्ट तीच होती.

पकडलेल्या मनुष्यास चोवीस तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटापुढें उभें केलें पाहिजे, हा नियम १८८२ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत होताच. त्याप्रमाणें दुसऱ्या दिवशीं टिळक प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटापुढें आले. राजद्रोहाचा गुन्हा जामिनास पात्र नसलेल्यांपैकीं असल्यामुळें तेथें अर्ज फेटाळला गेला. पण त्याच कायद्याच्या ४९८ व्या कलमानें हायकोर्टास कोणत्याहि प्रकरणीं जामीन देण्याची मुभा ठेविली होती. म्हणून २९ तारखेस अर्ज हायकोर्टांत गेला, आणि न्यायमूर्ति पार्सन्स व न्यायमूर्ति रानडे यांनीं तोहि नाकारला. रानड्यांचें नांव येथें वाचून ज्यांस नवल वाटेल त्यांनीं या नकाराचें पुढचें अर्धें लक्षांत घ्यावें: पुढें पुन्हा अर्ज करण्याचा मार्ग त्यांनीं मोकळा ठेविला होता. कायद्यांत 'आतां नाहीं' आणि 'कधींच नाहीं' यांत फार अंतर असतें, व चांगला वकील या अंतरावरच जगतो.

ता. २ ऑगस्ट रोजीं खटला सेशन्सकडे वर्ग झाला आणि ४ तारखेस न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढें तिसरा अर्ज आला. टिळकांच्या वतीनें बोलावयास उभे होते बॅरिस्टर दिनशा दावर. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. तय्यबजींनीं प्रश्न थोडक्यांत मांडला: आरोपी खटल्याच्या वेळीं हजर राहील कीं नाहीं? राहील अशी खात्री असेल तर त्यास अडकवून ठेवण्याचें कारण काय? आणि महिनाभर तुरुंगांत ठेवून मग तो निर्दोष ठरला, तर त्या महिन्याची भरपाई कशी व्हावयाची? पन्नास हजारांचा जातमुचलका आणि पंचवीस-पंचवीस हजारांचे दोन जामीनदार, अशा अटीवर त्यांनीं टिळकांना सोडलें. रक्कम त्या काळच्या मानानें जबर होती. पण शेठ द्वारकादास धरमसी यांच्यासारखे गृहस्थ राजद्रोहाच्या आरोपीसाठीं पुढें आले. त्या दिवसांत अशी सही करण्यास पैशापेक्षां छाती अधिक लागत होती.

मोकळ्या मिळालेल्या या पांच आठवड्यांत काय झालें तें पाहिलें म्हणजे जामिनाचें मोल कळतें. बंगालमध्यें बचावासाठीं वर्गणी जमली आणि कलकत्त्याहून बॅरिस्टर प्यू आले. माफी मागून मोकळे व्हावें असा सल्लाहि हितचिंतकांकडून आला. तो मार्ग टिळकांनीं नाकारला. लोकांतील आपलें स्थान आपल्या शीलावर उभें आहे, अशा आशयाचें त्यांचें मोतीलाल घोष यांस लिहिलेलें पत्र प्रसिद्धच आहे. माफी मागणें वा न मागणें हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तो निर्णय कोठडीच्या अंधारांत, एकट्यानें, घाईनें घ्यावा लागला नाहीं, एवढें निश्चित.

निकाल प्रतिकूलच लागला. न्यायमूर्ति स्ट्रेची यांनीं अप्रीति म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीस समजावून दिला. सहा युरोपियन एका बाजूस व तीन हिंदी दुसऱ्या बाजूस अशी ज्यूरी फुटली, आणि १४ सप्टेंबर रोजीं अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. 'केसरी'चे मुद्रक मात्र सुटले. नोव्हेंबरांत अस्क्विथ यांनीं प्रिव्ही कौन्सिलापुढें अपिलाची परवानगी मागितली, तीहि मिळाली नाहीं. मग जामिनानें साधलें काय, असें कोणी विचारील. पण आपल्या बाजूचें जेवढें बोलण्यासारखें होतें तेवढें सर्व तयारीनिशीं न्यायासनापुढें मांडतां आलें, हें थोडें नव्हे. तें किती मोठें, हें त्याच आठवड्यांत पुण्यांत पकडलेल्या नातू बंधूंकडे पाहिल्यानें कळेल. सन १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनाखालीं त्यांना धरलें. आरोपपत्र नाहीं, खटला नाहीं, म्हणून जामीन नाहीं आणि वकिलास बोलावयास जागाहि नाहीं! १८९९ पर्यंत ते अडकून पडले. भारतीय संविधानाच्या २२ व्या कलमानें अटकेचीं कारणें कळण्याचा, वकिलाचा व चोवीस तासांचा हक्क दिला खरा. पण प्रतिबंधक स्थानबद्धतेस त्याच कलमानें अपवाद केला आहे. नातूंची सावली अजून पुरती हटलेली नाहीं.

आतां १९०८. ता. २४ जूनला टिळक पुन्हा मुंबईंतच पकडले गेले. मॅजिस्ट्रेटानें जामीन नाकारला. २ जुलैस हायकोर्टांत अर्ज घेऊन बॅरिस्टर जीना उभे राहिले आणि न्यायासनावर होते न्यायमूर्ति दावर! अकरा वर्षांपूर्वीं स्वतः यशस्वी रीतीनें मांडलेली बाजू आतां त्यांनाच ऐकावयाची होती. त्यांनीं अर्ज नाकारला. आरोपी हजर राहील कीं नाहीं एवढाच विचार पुरेसा नाहीं असें म्हटलें, आणि आपल्या नकाराचीं कारणें देण्याचें टाळलें. मनुष्याचें मत बदलूं शकतें, व न्यायाधीश वकिलाच्या मताशीं बांधलेला नसतो, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या नकारास कारण जोडलेलें नसतें त्यास उत्तर तरी काय देणार? मराठी लेखांचा न्याय करण्यास मराठी जाणणारे पंच असावेत, ही बॅप्टिस्टा यांची मागणीहि अशीच निष्फळ झाली.

यानंतर १३ जुलैस खटला उभा राहीपर्यंत जे अकरा दिवस उरले, त्यांत टिळकांनीं बचावाची तयारी डोंगरीच्या तुरुंगांत केली, आणि बचावहि स्वतःच केला. सरकारी भाषांतरकाराची त्यांनीं घेतलेली उलटतपासणी आजहि वाचण्यासारखी आहे. मूळ मराठी शब्दाची छटा इंग्रजींत कशी भडक झाली, हें त्यांनीं एकेक शब्द धरून दाखविलें. पण त्या काळच्या कायद्यांत एक खोंच होती. बचावानें पुरावा दाखल केला नाहीं तर शेवटचें भाषण बचावाचें. केला तर तें सरकारपक्षाचें. इतर वृत्तपत्रांचे उतारे दाखल केल्याशिवाय टिळकांचा युक्तिवाद उभाच राहत नव्हता. ते दाखल करून त्यांनीं शेवटचा शब्द गमावला. सुमारें एकवीस तासांच्या त्यांच्या भाषणानंतर अॅड्व्होकेट जनरल बोलले, मग न्यायमूर्ति बोलले, आणि २२ जुलैच्या रात्रीं सात विरुद्ध दोन अशा मतानें सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

१९१६ सालीं सरकारनें तिसऱ्यांदा हात घातला तेव्हां टिळकांनीं आपली बाजू जीनांवर सोंपविली. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटानें चांगल्या वर्तणुकीबद्दल वीस हजारांचा मुचलका व दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले होते. त्यावर हायकोर्टांत दाद मागितली गेली, आणि ता. ९ नोव्हेंबर रोजीं न्यायमूर्ति बॅचलर व न्यायमूर्ति शहा यांनीं भाषणें सबंध वाचून, सुटीं वाक्यें न उचलतां, तो हुकूम रद्द केला. या खेपेस आरोपी तुरुंगांत नव्हता.