जमीन, मान आणि एक संन्यासी



माउली, वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, तेव्हा समोरच्याची जात विचारत नाही आणि सातबाराही पाहत नाही. गावी परतलो की दोन्ही पुन्हा आठवतात. म्हणून दूर बिहारची एक हकिगत आज तुमच्यापुढे ठेवतो.

बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात भूमिहार ब्राह्मणांची मोठी वस्ती आहे. भिक्षुकी करायची नाही, दान घ्यायचे नाही, जमिनीवर जगायचे, ही त्यांची रीत. म्हणून ते स्वतःला ‘अयाचक’ म्हणवतात. १७९३ साली इंग्रजांनी तिकडे कायमधारा पद्धत आणली आणि जमीनदारांचा हक्क पक्का झाला. बेतिया, टिकारी, हथुआ या मोठ्या जमीनदाऱ्या भूमिहारांच्याच. पण थोड्याशा शेतात राबणारी साधी माणसेही याच समाजात होती. पौरोहित्य करणारे ब्राह्मण मात्र त्यांना बरोबरीचे मानायला कचरत.

स्वामी सहजानंद सरस्वती १८८९ साली गाझीपूर जिल्ह्यात जन्मले आणि तरुणपणीच काशीत संन्यासी झाले. भूमिहारांच्या ब्राह्मणत्वासाठी त्यांनी ग्रंथ लिहिले, पौरोहित्याचा त्यांचा हक्क मांडला. घरदार सोडलेला माणूस जातीच्या मानासाठी झटत होता!

पुढे पाटण्याजवळ बिहटा येथे त्यांचा आश्रम झाला. तिथे त्यांच्या कानावर कुळांची गाऱ्हाणी आली: बेकायदा पट्ट्या, वेठबिगार, जमिनीवरून हुसकावणे. आणि हे करणाऱ्या जमीनदारांत त्यांच्याच समाजाचे लोक होते.

माउली, खरी परीक्षा इथे होती. स्वामी कुळांच्या बाजूने उभे राहिले. १९२९ मध्ये बिहार प्रांतीय किसान सभा स्थापन झाली. १९३६ साली लखनौला अखिल भारतीय किसान सभेचे ते पहिले अध्यक्ष झाले. जमीनदारी नष्ट करा, अशी त्यांची मागणी होती. १९५० च्या जूनमध्ये त्यांनी देह ठेवला आणि त्याच वर्षी बिहारात जमीन सुधारणेचा कायदा झाला.

तुकोबारायांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. दुसऱ्याचा अन्याय सर्वांनाच दिसतो. आपल्या घरचा अन्याय ओळखून त्यावरचा हक्क सोडणे अवघड.

यंदा माळ हातात घ्याल, तेव्हा एवढेच आठवा: आपल्या बांधावर राबणाऱ्याची मजुरी पूर्ण पोचली का?

राम कृष्ण हरि.