गुण कमी पडले? इंजिनिअरिंगचा अर्ज सोडण्याआधी हे बघा

बारावीला टक्के कमी आले की घरचे लगेच म्हणतात, आता इंजिनिअरिंग गेलं. पण अट एकूण टक्क्यांची नाही. भौतिकशास्त्र, गणित आणि रसायनशास्त्र यांची बेरीज बघतात. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, म्हणजे ३०० पैकी १३५. राज्यातील मागास प्रवर्ग, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ४० टक्के, म्हणजे १२०. १२८ गुण पडले असतील तर सगळं दाखल्यावर येतं. म्हणून जातीचा दाखला, पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर आधीच काढून ठेवा. सीईटी मात्र दिलेली हवी.

दोन-चार गुणांनी अडलं तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. मुदत थोडीच असते. श्रेणीसुधार परीक्षाही आहे, पण तिला सगळे विषय पुन्हा द्यावे लागतात.

तेही नाही जमलं तर बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. पुढे डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. तिथे डिप्लोमाचे गुण बघतात, बारावीचे नाही.

‘मॅनेजमेंट कोट्यातून करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात पिकाचे पैसे ठेवू नका. त्या जागेलाही हीच पात्रता लागते.