बट्टा: नाण्यावरचा न दिसणारा कर

दुर्मीळ नाणे विकत घेतले की आज त्यावर जीएसटी लागतो, आणि पैशावर कसला आलाय कर, असा प्रश्न संग्राहक विचारतात. मराठी मुलखात हा प्रश्न जुना आहे. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या होनांची यादी येते. त्यात शिवराईबरोबर देवराई, अच्युतराई असे परक्या राज्यांचे होनही आहेत. पेशवाईत हा पसारा आणखी वाढला. पुण्याची अंकुशी, चांदवडची चांदवडी, शिवाय सुरतेची आणि हैदराबादेकडची नाणी एकाच बाजारात चालत. टांकसाळी बऱ्याचदा मक्त्याने दिलेल्या असत. नागोठण्याच्या बाळाजी बापूजीला 1744 मध्ये पैसे पाडण्याचा परवाना मिळाला, तो सरकारात रक्कम भरण्याच्या बोलीवरच. अशा बाजारात रुपयाची किंमत त्याच्यावरच्या छापाने ठरत नसे. चांदीचा कस, झीज, टांकसाळीपासूनचे अंतर आणि समोरच्याची गरज पाहून सराफ ती ठरवी. एका जातीचा रुपया देऊन दुसऱ्या जातीचा घ्यायचा म्हणजे मालाची खरेदीच, आणि त्या खरेदीवर जे कापले जाई ते बट्टा.

बट्टा म्हणजे पारखीची मजुरी, तो कर नव्हेच, असा आक्षेप यावर घेता येतो. त्यात तथ्य आहे. झिजलेल्या रुपयात चांदी खरोखर कमी असते, खोटे नाणे ओळखायला कसब लागते आणि ते कसब फुकट मिळावे अशी अपेक्षा कोणी करू नये. पण ही मजुरी कोण देत होते आणि कोणाच्या हुकमाने, हे पाहिले की चित्र पालटते. सारा कोणत्या नाण्यात घ्यायचा ते सरकार ठरवी. कुणब्याच्या हाती धान्य विकून जे नाणे पडे ते तेच असेल याची खात्री नव्हती. मग सरकारला हवे ते नाणे मिळवताना तूट त्याने सोसायची. नाणी पारखणारा पोतदार सरकारी व्यवस्थेचाच माणूस, आणि साऱ्याच्या हिशेबात बट्ट्याची रक्कम मूळ आकारावर वेगळी चढवली जाई. ज्याला नकार देता येत नाही आणि जे सरकारी वसुलीबरोबरच द्यावे लागते, त्याला मजुरी म्हणणे मला पटत नाही. व्यापारी निदान हुंडी लिहून नाण्यांची अदलाबदल टाळू शके. रयतेला ती वाट नव्हती, म्हणून हा भार सर्वांत जास्त तिच्यावरच पडला. राज्यकर्त्यांना हे दिसत नव्हते असेही नाही. थोरल्या माधवरावांच्या काळात दक्षिणेकडच्या मनमानी टांकसाळी बंद करून धारवाडला एकच टांकसाळ ठेवण्याचा हुकूम निघाला. मात्र मक्त्याचे उत्पन्न सोडवेना, त्यामुळे अशी शिस्त मुलूखभर कधी आलीच नाही.

मग कंपनी सरकारने 1835 च्या कायद्याने 180 ग्रेन वजनाचा, त्यात 165 ग्रेन शुद्ध चांदी असलेला एकच रुपया आणला, तेव्हा हा कर संपला, असे म्हणावे का? ब्रिटिश मुलखात पुष्कळसा संपला, आणि त्याचे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण श्रेयाबरोबर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. लोकांच्या गाठीचे जुने रुपये हळूहळू चलनातून उठले आणि निव्वळ चांदीच्या भावाचे राहिले. तो तोटा पुन्हा साठवणाऱ्याच्याच माथी आला. संस्थानांत तर जुनीच रीत चालू राहिली. मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्का होता. सहा इंग्रजी रुपयांना सात हाली असा साधारण दर धरला जाई, आणि सरहद्दीवरच्या गावांतला व्यवहार या हिशेबाशिवाय होत नसे. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावरही हाली काही वर्षे चलनात होता.

नाण्यांच्या इतिहासात आपण छाप, लेख आणि टांकसाळीची खूण यांवर भरपूर लिहिले, पण नाणे बदलून घेताना रयतेचे काय गेले यावर फार थोडे. ते सापडेल जुन्या जमाखर्चांत आणि सराफी वह्यांत. ज्यांच्या घरी अशी मोडी दप्तरे अजून असतील त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. जवळच्या इतिहास संशोधन मंडळाला दाखवावीत.